बिस्किटांच्या पुड्यावरचं गाव

बाबा ज्या गावी गेले होते त्याचं नाव आम्हाला सांगायचं नाही, असा नियम होता, आणि आईने तो एकदाही नाव न विचारता पाळला. रशियाच्या अगदी उत्तरेच्या किनाऱ्यावरचं, नौदलाचं बंद गाव, एवढं आम्हाला ठाऊक होतं. बंद म्हणजे गावाला वेस आणि वेशीवर पहारा. खुद्द रशियातल्या माणसालाही पास असल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नसे. आपल्या नौदलाची काही माणसं तिथे यंत्रं शिकायला गेली होती आणि त्यांच्याबरोबर दुभाषी म्हणून माझे बाबा, प्रभाकर साळवे. मूळचे अहमदनगरचे, सरकारी नोकरीतले साधे अनुवादक. तोपर्यंत त्यांनी समुद्र पाहिला होता तो फक्त जुहूला, लग्नानंतर. दीड वर्षाची नेमणूक होती. निघताना ते म्हणाले की जागा समुद्राकाठी आहे, थंडी खूप आहे आणि जेवणाची सोय चांगली आहे. यापलीकडे एक शब्द नाही.

आम्ही दिल्लीत लक्ष्मीबाई नगरात राहायचो. दोन खोल्या, पुढे गज लावलेला व्हरांडा आणि मागे एवढंसं अंगण, त्यात आईने लावलेली मेथी आणि पुदिना. शेजारी सक्सेना आंटींचा रेडिओ सकाळी सहाला सुरू व्हायचा आणि त्यांचा कुकर साडेसातला. आमच्या घराचा आवाज मात्र बाबांच्या दाढीचा. आरशासमोर उभं राहून, गालाला साबण लावलेल्या अवस्थेत ते रशियन वाक्यं घोकत. पुण्यात कारकुनी करत असताना संध्याकाळच्या वर्गाला जाऊन ते ही भाषा शिकले होते. का, असं विचारलं की म्हणत, त्या वर्गाची फी सगळ्यात कमी होती. मला वाटतं हे अर्धंच खरं होतं. त्यांना अक्षरांचं वेड होतं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर एकेक अक्षर काढून त्यांनी मला सगळी लिपी शिकवली, तेव्हा मी बारा वर्षांची असेन. अर्थ कळत नसे, पण कोणताही रशियन मजकूर मी घडाघडा वाचून दाखवायची. आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "अहो, वाचायला शिकवलंत तसा थोडा अर्थही शिकवा तिला." बाबा म्हणायचे, "येईल, येईल." अर्थाची वेळ यायच्या आत ते निघून गेले.

त्यांची पत्रं टपालाने येत नसत. पंधरा दिवसांनी त्यांच्या दिल्लीच्या ऑफिसातून शिपाई यायचा, आईची सही घ्यायचा आणि एक पाकीट द्यायचा. ते आधीच उघडून पुन्हा चिकटवलेलं असायचं आणि आमच्यापैकी कोणी त्याबद्दल काही बोलत नसे. आमचं उत्तरही त्याच ऑफिसात नेऊन द्यायचं. पत्र आलं की आई हात धुऊन, पदराला पुसून, व्हरांड्यातल्या खुर्चीत बसायची आणि म्हणायची, "हं, रुथी, वाच." तिला वाचता येत होतं, मॅट्रिक होती ती. पण पत्र ऐकायलाच तिला आवडायचं. बाबा लिहायचे की इथे दुपारी दिवा लावून जेवावं लागतं, ऊन कसं असतं ते विसरलोय. बीटचं लालभडक सूप, उकडलेला मासा, काळा पाव. तो पाव आंबूस लागतो पण भूक लागली की छान लागतो. वसतिगृहाच्या किल्ल्या सांभाळणारी वेरा नावाची म्हातारी त्यांना टोपी न घालता बाहेर पडताना पाहिलं की सगळ्या जिन्यात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने रागवायची. दर तासाला कुठलातरी भोंगा वाजतो आणि धुकं असलं तर सारखाच वाजतो. जहाजाबद्दल अक्षर नाही, माणसांच्या नावांबद्दल नाही. आई मध्येच विचारायची, "लसणाच्या चटणीचं काय लिहिलंय?" चटणी पोचलेली असायची. ओलं काही पाठवायचं नाही म्हणून ती खोबरं आणि लसूण तव्यावर इतकं भाजायची की घरभर ठसका लागायचा.

तेरा-चौदा महिने झाले असतील. त्या तुकडीतले एक अधिकारी सुट्टीवर आले आणि त्यांच्याबरोबर बाबांनी आमच्यासाठी एक पिशवी पाठवली. आईसाठी लोकरी शाल, माझ्यासाठी लाकडी बाहुली आणि बिस्किटांचा एक पुडा. जाड, टणक बिस्किटं, वरून साखर लावलेली. चहात बुडवल्याशिवाय दात लागत नसे. तिसऱ्या दिवशी पुडा संपला आणि मी कागद उलगडून सरळ केला. निळसर कागद, त्यावर गव्हाच्या लोंब्यांचं चित्र आणि खाली अगदी बारीक अक्षरांत दोन ओळी. मी सवयीने वाचायला लागले. पहिल्या ओळीतला एक शब्द बाबांच्या पत्रात आला होता, पाव या अर्थाचा, म्हणजे ही बेकरीची ओळ. दुसऱ्या ओळीत एकच शब्द होता, पहिलं अक्षर मोठं. तो मी तीनदा वाचला. मग शाळेच्या ॲटलासमध्ये शोधला. उत्तरेच्या किनाऱ्यावर ते नाव कुठेही नव्हतं, आणि नकाशावर नाही म्हणूनच माझी खात्री पटली.

ते नाव मी इथे लिहीत नाही. आता त्यात गुपित काही राहिलेलं नाही. मागच्या वर्षी माझ्या नातीने नॉयडाच्या आमच्या सोफ्यावर बसून फोनवर ते गाव मला दाखवलं. शाळा दिसत होती, पोहण्याचा तलाव, पिवळ्या रंगाच्या इमारती. "आजी, यात सीक्रेट काय होतं, यार?" असं तिने विचारलं. दुभाषी म्हणजे काय हेही तिला समजावून सांगावं लागलं. पण इतकी वर्षं न उच्चारलेला शब्द बोटांतून सहज उतरत नाही.

चौदाव्या वर्षी मात्र तो मला पोटात ठेवता आला नाही. घरात फक्त मलाच ठाऊक असलेली ती पहिली गोष्ट होती. पुढच्या पत्रात आईने तिचा मजकूर लिहिला आणि शेवटची जागा नेहमीप्रमाणे माझ्यासाठी सोडली. मी लिहिलं, "बाबा, तुमचं गाव मी ओळखलं." आणि खाली ते नाव, रशियन अक्षरांत, वळणदार, दोन रेघा मारून. आईने विचारलं, हे काय? मी म्हटलं, प्रॅक्टिस. ती म्हणाली, अक्षर छान आलंय. पाकीट ऑफिसात नेऊन दिलं ते आम्ही दोघींनी, आणि येताना आईने मला सरोजिनी नगरात शेंगदाणे घेऊन दिले.

त्यानंतर पत्र आलं नाही. पहिल्या पंधरवड्यात काही वाटलं नाही. दुसऱ्यात आई म्हणाली, तिकडे बर्फ पडत असेल, विमानं उडत नसतील. तिसऱ्यात ती ऑफिसात जाऊन आली. तिथे माथुर नावाचे एक अधिकारी होते, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारे. त्यांनी चहा दिला आणि सांगितलं, "चिंता की कोई बात नहीं, मिसेस साळवे." आईने घरी येऊन ते वाक्य मला जसंच्या तसं सांगितलं आणि मग बराच वेळ तांदूळ निवडत बसली. तांदळात खडे नव्हतेच. शिपाई आला तर ऐकू यावं म्हणून ती मागच्या अंगणात जाईनाशी झाली. मेथी वाळून गेली.

मला कारण माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं. त्याच सुमारास सक्सेना आंटींनी आईला कुठल्यातरी ऑफिसातल्या माणसाची हकीकत सांगितली. त्याने बाहेर काहीतरी बोलून टाकलं म्हणून चौकशी बसली होती. आंटी म्हणाल्या, "नौकरी तो गई समझो, क्वार्टर भी गया." मी आत भूगोलाचं पुस्तक घेऊन बसले होते. त्या दिवसापासून मला जेवण जाईना. रात्रीची प्रार्थना आई म्हणायची, प्रवासात आणि परदेशात असलेल्यांसाठी, आणि आमेन मी ओठांतच पुटपुटायची, कारण देवाला सगळं ठाऊक आहे आणि आईला नाही, हे मला सहन होत नव्हतं. बिस्किटांचा कागद मी बारीक तुकडे करून न्हाणीघरात वाहून टाकला. त्याने काहीच हलकं वाटलं नाही. पत्र तर गेलेलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर रोज तेच चित्र यायचं. एक मोठं टेबल, त्यावर माझं पत्र, माझ्या दोन रेघा, आणि समोर उभे असलेले बाबा.

नाताळ जवळ आला. बाबा नसले तरी करंज्या करायच्याच, असं आईने ठरवलं. रविवारी चर्चहून आल्यावर तिने खोबरं किसलं, रवा भाजला, वेलची कुटली. मी पाऱ्या लाटायच्या, तिने भरून कातणीने कापायच्या. स्वयंपाकघरात तुपाचा वास होता, खिडकीतून डिसेंबरचं ऊन ओट्यावर आलं होतं. आई म्हणाली, "यांना नारळाची करंजी आवडते म्हणून मी सगळ्याच नारळाच्या करतेय, तुला सारणात खसखस हवी असेल तर वेगळं काढते." तिच्या आवाजात काही नव्हतं, नेहमीचाच आवाज होता. पण माझं लाटणं थांबलं आणि मी रडायलाच लागले. तिने पिठाच्या हातांनी माझी हनुवटी वर केली. मी सगळं सांगितलं. पुडा, कागद, नाव, दोन रेघा, प्रॅक्टिस म्हणून खोटं बोलले तेही.

आई ओरडली नाही. तिने गॅस बंद केला, कढई उतरवली आणि स्टुलावर बसली. तिचा चेहरा आधी लाल झाला आणि मग पांढरा पडला. मला वाटलं आता मार बसेल, बसला असता तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "आणि हे तू दोन महिने एकटीने पोटात ठेवलंस?" मी मान हलवली. मग तिने उरलेल्या पाऱ्यांवर ओलं फडकं टाकलं, म्हणाली, "उद्या शाळेत जायचं नाही. आपण माथुर साहेबांकडे जाऊ. चूक कोणाची आहे ते त्यांना कळायला हवं. यांच्या नावावर ती राहता कामा नये." मी घाबरून विचारलं, नोकरी गेली तर? "गेली तर नगरला जाऊ. पण माझ्या नवऱ्याने विश्वास मोडला, असं कुणी कागदावर लिहून ठेवलेलं मला चालणार नाही." आणि पुन्हा गॅस पेटवून तिने सगळ्या करंज्या तळल्या. एकही फुटली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने लग्नातली जांभळी साडी नेसली आणि मला शाळेचा गणवेश घालायला लावला. माथुर साहेबांसमोर ती बसायला तयार होईना, उभ्यानेच तिने हिंदीत सांगायला सुरुवात केली. तिचं हिंदी बाजारापुरतं होतं, पण त्या दिवशी ते अडखळलं नाही. ती म्हणाली की तिच्या मुलीने एका पुड्यावर गावाचं नाव वाचलं आणि पत्रात लिहिलं, साळवेंनी घरात कधीही काहीही सांगितलेलं नाही, जी शिक्षा असेल ती आम्हाला द्या. माथुर साहेबांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला. त्यांनी मला विचारलं, "कौन सा नाम पढ़ा, बेटा?" मी आईकडे पाहिलं, तिने मान डोलावली, आणि मी ते नाव उच्चारलं. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने. त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर ठेवला. मग अगदी शांतपणे म्हणाले, "ऐसी कोई जगह मैंने तो नहीं सुनी. आपने भी नहीं सुनी. ठीक है?"

मी ठीक है म्हटलं. आईला काही ते कळलं नाही. तिने पुन्हा विचारलं, मग त्यांची पत्रं का येत नाहीत? माथुर साहेब उठून आतल्या खोलीत गेले. आम्ही वाट पाहत बसलो. बाहेर कोणीतरी टंकलेखन करत होतं, ते थांबलं की मी दाराकडे बघायची. परत आले तेव्हा त्यांच्या हातात एक चिठ्ठी होती. त्यांनी सांगितलं की साळवेंवर कसलीही चौकशी नाही, तसा विचारही कोणी केलेला नाही. तिकडून एक जण कालच दिल्लीत आले आहेत, त्यांच्याकडे साळवेंच्या घरी द्यायचं सामान आहे, आजच शिपायाबरोबर निरोप जाणार होता. चिठ्ठीवर नाव होतं दस्तगीर शेख आणि पत्ता कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या अतिथिगृहाचा. तिथे त्यांचे मेहुणे नोकरीला होते, त्यांच्या खोलीवर ते रत्नागिरीला निघण्यापूर्वी दोन दिवस थांबणार होते.

तिथवर आई जवळजवळ धावतच गेली. शेखकाका मागच्या अंगणात उन्हात खुर्ची टाकून बसले होते, पायांत दोन-दोन मोजे, हातात चहाचा ग्लास. आम्ही कोण ते सांगताच ते उभे राहिले आणि आधी एवढंच म्हणाले, "वहिनी, प्रभाकरराव बरे आहेत. आता पूर्ण बरे आहेत." आईने 'आता' हा शब्द बरोबर पकडला. "म्हणजे आधी नव्हते?"

मग त्यांनी सांगितलं. बाबांचं अपेंडिक्स फुटलं होतं. वादळ चालू होतं, गावाबाहेरचा रस्ता बंद, तेव्हा तिथल्याच नौदलाच्या इस्पितळात ऑपरेशन झालं. डॉक्टरांना बाबांशिवाय कोणाचं बोलणं समजेना आणि बाबांना तर उठवत नव्हतं, म्हणून कळा सोसत, झोपल्या जागी, स्वतःच्या दुखण्याचा अनुवाद त्यांनी स्वतःच केला. दोन आठवडे ताप उतरला नाही. शुद्ध आल्यावर त्यांनी सगळ्यांना शपथ घातली की घरी कळवायचं नाही, मी माझ्या हाताने लिहीन. लिहिली, रोज लिहिली, पण पत्रं घेऊन येणारं विमान वादळामुळे महिनाभर आलंच नाही. शेखकाकांनी पिशवीतून सुतळीने बांधलेला गठ्ठा काढला. बावीस पत्रं होती. आईने तो गठ्ठा दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि तिथेच, परक्या माणसांसमोर, जमिनीवर बसली. शेखकाकांच्या बहिणीने तिला पाणी आणून दिलं. पाणी पिऊन आई म्हणाली, "परत आले की मी त्यांच्याशी भांडणार आहे. मला न कळवायचं काय कारण?" आणि हसली. कित्येक आठवड्यांनी मी तिला हसताना पाहत होते. मला इतकी भूक लागली की समोर ठेवलेले पोहे मी दोनदा मागून घेतले.

बाबा फेब्रुवारीत आले. अंगावर ओव्हरकोट, त्यात हरवून जावं इतके बारीक झालेले. आई भांडली नाही. तिने त्यांचा हात धरला आणि टॅक्सीत, घरापर्यंत, सोडला नाही. दुपारी जेवणं झाल्यावर मी त्यांना माझा गुन्हा सांगितला. त्यांना तो माहीत होता. माझं पत्र त्यांना मिळालं होतं, ऑपरेशनच्या दोन दिवस आधी, कोणाच्या नजरेत न येता, जसंच्या तसं. नाव वाचून आधी ते घाबरले आणि पत्राचा तेवढा तुकडा फाडून त्यांनी शेगडीत टाकला.

"परत असं करायचं नाही," ते म्हणाले. मी नाही म्हटलं. मग माझ्याकडे न बघता ते बोलत राहिले. "पण एक सांगतो. मला आत नेत होते तेव्हा अंगावर चादर, वरती दिवे, आजूबाजूला सगळे अनोळखी. मनात आलं, इथे काही झालं तर माझ्या माणसांना हे गावसुद्धा ठाऊक नाही. कुठे म्हणून शोधतील? आणि मग आठवलं, रुथीला ठाऊक आहे. तिने वाचलंय. तेवढ्याने मला धीर आला बघ."

या वयापर्यंत बरीच माफी मिळाली आणि द्यावीही लागली, पण इतकी पुरती माफी नंतर मला कोणाकडून मिळालेली आठवत नाही.

ते तिथेच, व्हरांड्यातल्या खाटेवर, उन्हात आडवे झाले आणि बोलता बोलता झोपले. आईने जाऊन सक्सेना आंटींना रेडिओ लहान करायला सांगितला. मग ती येऊन माझ्याजवळ पायरीवर बसली. बाबा घोरायला लागले, चांगले मोठ्याने, रस्त्यावर ऐकू जाईल इतके. एरवी ती त्यांना कुशीवर वळवायची. त्या दुपारी तिने मला खूण केली, गप्प बस म्हणून, आणि आम्ही दोघी ऊन उतरेपर्यंत ते घोरणं ऐकत बसलो.